दुबार ओळ

ओहोटी लागली की जोमा वैती होडी चिखलात रुतवतो,
म्हणतो, उतर बाय, गुडघ्याएवढाच हाय,
चपला होडीत ठेव, नायतर खाडी ठेवून घेल.

माहुलचा चिखल. पलीकडे रिफायनरीची ज्योत
भर दुपारी पेटलेली,
कुणी गॅस बंद करायचा विसरून गावाला गेल्यासारखी.
मी तिवराची पानं तोडते, शेंड्यापासून तिसरी जोडी,
फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या डब्यात टाकते.
वर पेन्सिलीनं लिहिते: म-१७, म-१८.
शाई इथं टिकत नाही.

एक पान जोमा जिभेला लावतो.
"खारट. ह्ये तर माझा आजा पन सांगला असता.
याचा तुला पगार देतात?"

देतात. अकरा महिन्यांचा करार आहे.

प्रयोगशाळेत पान गोठवून खलात कुटायचं.
काचेसारखं फुटतं. धूर बोटांवरून ओघळतो.
संध्याकाळपर्यंत नळीच्या तळाशी
शेवईच्या तुकड्याएवढं काहीतरी पांढरं.
मग यंत्र ते वाचतं,
चारच अक्षरं, कोट्यवधी वेळा,
ना काना, ना मात्रा, ना पूर्णविराम.

अण्णा गिरगावात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे.
खिळे जुळवणारा पेंगला की एकच ओळ दोनदा लागायची,
अण्णांची लाल पेन्सिल तिच्यावर आडवी फिरे,
समासात लिहीत: दुबार.
जेवताना मी तीच गोष्ट पुन्हा सांगू लागले
तरी वरण कालवता कालवता म्हणत, दुबार.

आणि परवा रात्री एक वाजता
माझ्या पडद्यावर एक ओळ दोनदा.
थोडं खाली तिसऱ्यांदा, दोन अक्षरांच्या फरकानं.
मीठ पेशीबाहेर काढणारी ओळ.
कुठल्या तरी पूर्वज झाडात
नक्कल उतरवताना डुलकी लागली असणार,
आणि समासात लाल पेन्सिल घेऊन
कुणीच बसलेलं नव्हतं.
पहिली ओळ आपलं काम करत राहिली.
दुसरी मोकळी होती. चुकायला मोकळी.
चुकत चुकत तिला एक निराळंच काम जमलं.

आणि ज्यांची प्रत स्वच्छ निघाली,
एकही चूक नाही, एकही दुबार नाही,
ती रोपं या चिखलात आहेत.
चिखलच झाली आहेत.
झाडानं काही ठरवलं नव्हतं.
हे मी अहवालात लिहिलं, सरांनी खोडलं.

चर्चासत्रात एक पाहुणे म्हणाले,
"म्हणजे अगदी मुंबईकरासारखंच की! कशातही तगतं."
टाळ्या पडल्या. चहाबरोबर बटाटेवडे होते.
मला जोमाची सून आठवली, पारू,
अर्नाळ्याहून लग्न होऊन इथं आलेली.
रात्री उशाशी वाफेचं यंत्र,
पोराला मांडीवर घेऊन बसून झोपते,
आडवं झालं की छाती भरते म्हणून.
तिवराला लाखो वर्षं मिळाली
आणि मरायला लाखो रोपं.
पारूला सात वर्षं झाली.
सात वर्षांत कुठली ओळ दुबार होते?
आणि झालीच, तरी तिच्या बाजूनं होईल,
हे कुणी सांगितलं?

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. वडा मात्र खाल्ला.

एक गोष्ट सांगायची राहिली.
क्वचित अण्णांचा हात घाईनं चाले,
चांगला शब्द खोडला जाई.
मग ते त्या शब्दाखाली बारीक ठिपके देत
आणि समासात लिहीत: राहू द्या.

आज भरती यायच्या आत
मी म-१९ चं पान उलटं केलं.
खालच्या बाजूला मिठाचे कण,
बारीक, पांढरे, ओळीत नसलेले.
जोमा ओरडला, चल गो, पानी चढलाय.
पान तोडायचं होतं.
मी फक्त पेन्सिल खाली ठेवली.